कुलगुरूंचा परिचय लिहायचं काम अंगावर आलंय? मग असं करा

नाशकात तुम्ही कॉलेजात शिकवत असाल किंवा नुसतं तुमचं मराठी बरं आहे एवढी बातमी जरी पसरली असेल ना, तर कधी ना कधी हे काम तुमच्याकडे येतंच. संस्थेचा वर्धापनदिन असतो, नाहीतर स्मरणिका निघणार असते, नाहीतर कुणाचा सत्कार असतो, पाहुणे कुलगुरू असतात किंवा माजी कुलगुरू असतात, आणि प्राचार्य म्हणतात "तुम्ही छान लिहाल, परवापर्यंत द्या". सोबत हातात दिला जातो अकरा पानी सीव्ही. आणि मग बहुतेक जण काय करतात तर तो सीव्ही मराठीत उतरवतात, पुढे 'ऋषितुल्य' लावतात, शेवटी 'शतायुषी होवोत' लिहितात आणि मोकळे होतात. वाचणारा दुसऱ्या ओळीला पान उलटतो. पदांची यादी म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल, गाडी कुठे किती वाजता थांबली ते कळतं पण आत कोण बसलं होतं ते नाही कळत. तर हे जरा नीट कसं करायचं ते सांगतो, स्मरणिकेतला लेख धरून सांगतो, स्टेजवरच्या परिचयाचं पुढे येईलच.

सगळ्यात आधी पद नक्की कुठलं ते बघा, हसू नका, इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. रोजचा कारभार बघणारे ते कुलगुरू. त्यांच्या खाली प्र-कुलगुरू, आणि ऑफिसची बाजू सांभाळणारे कुलसचिव, म्हणजे रजिस्ट्रार. काही खासगी विद्यापीठांत अजून एक प्रेसिडेंट असतात, त्यांना नेमायचा अधिकार विद्यापीठ काढणाऱ्या संस्थेकडे असतो. पाहुणे अमेरिकेतल्या विद्यापीठाचे प्रेसिडेंट असतील तर मात्र ते साधारण आपल्याकडच्या कुलगुरूंचंच काम करत असतात, त्यामुळे त्यांना 'अध्यक्ष' लिहून संस्थाचालकांच्या रांगेत बसवू नका. आणि 'प्रभारी' हा शब्द कधीही गाळू नका. चार महिने अतिरिक्त कार्यभार सांभाळलेल्या माणसाला 'माजी कुलगुरू' लिहून टाकलं की हॉलमध्ये बसलेले निम्मे प्राध्यापक एकमेकांकडे बघतात.

आता नाशिकची गंमत अशी की आपल्याकडे दोन राज्यव्यापी विद्यापीठं आहेत, आणि आपली साधी आर्ट्स-सायन्स-कॉमर्सची कॉलेजं मात्र पुणे विद्यापीठाला जोडलेली. गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं. म्हसरूळला दिंडोरी रोडवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं. या दोघांचे कायदे वेगवेगळे आहेत, आणि पुण्याला लागू असलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ हा तिसराच. म्हणून केटीएचएम किंवा एचपीटी कॉलेजच्या कार्यक्रमात 'आपले कुलगुरू' म्हटलं तर ते पुण्याचे, आणि त्याच गंगापूर रोडने तसंच पुढे गेलं की मुक्तचे कुलगुरू वेगळे. बाहेरगावच्या वाचकाला हे माहीत नसतं, त्याच्यासाठी एक वाक्य टाका.

कायदा बघायचा कशाला, असं वाटेल. तर एक उदाहरण घ्या, २०१६ च्या कायद्यात कुलगुरूंची मुदत ५ वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी येईल ते, आणि पुन्हा नेमणूक नाही. म्हणजे एखादे कुलगुरू साडेतीन वर्षांत पायउतार झाले तर त्यामागे वाद असेलच असं नाही, वय झालं असेल एवढंच. हे माहीत नसलं की लिहिणारा 'अल्प कारकीर्द' असं काहीतरी सूचक लिहून जातो आणि उगाच कुजबुज सुरू होते. आधीच्या काळचे कुलगुरू असतील तर त्यांच्या वेळचा कायदा बघा, आजचे नियम मागे नेऊन लावू नका. आणि हो, कुलगुरू निवडून येत नाहीत. 'बहुमताने निवड' असलं वाक्य मी छापलेलं वाचलंय! पुण्यासारख्या विद्यापीठात शोध समिती असते, २०१६ च्या मूळ कायद्याप्रमाणे (रचना पुढे बदलली) तिच्यात कुलपतींनी नेमलेले एक नामवंत अभ्यासक, सरकारच्या बाजूने प्रधान सचिव दर्जाचे अधिकारी आणि विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद या दोघींनी मिळून सुचवलेले राष्ट्रीय पातळीवरच्या एखाद्या संस्थेचे प्रमुख. ती समिती किमान ५ नावं देते आणि त्यातून कुलपती एकाची नेमणूक करतात. अर्ज करायलाच प्रोफेसर म्हणून १० वर्षांचा अनुभव लागतो किंवा संशोधन-प्रशासनातला तेवढा अनुभव. म्हणजे माणूस खुर्चीत बसतो तेव्हा सहसा पन्नाशी ओलांडलेली असते, तीसेक वर्षांचं आयुष्य त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं, आणि तुमचा लेख खरा तिथेच आहे.

म्हणून दुसरी गोष्ट, प्रमाण. कुलगुरूपदाला लेखात किती जागा द्यायची हे माणसागणिक बदलतं, आणि हे आधी ठरवल्याशिवाय पेन उचलू नका. माझ्या मते तरी सगळं लिखाण इथेच जमतं नाहीतर फसतं. दोन माणसं सांगतो, दोन्ही नाशिकशी नातं असलेली.

धनंजयराव गाडगीळ. जन्म नाशिकचा, १९०१. केंब्रिजला शिकले, १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तिचे पहिले संचालक, विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत, पुढे १९६७ ते १९७१ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा त्याचं 'गाडगीळ सूत्र' त्यांचंच. आणि मध्ये १९६६-६७ ला पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. म्हणजे वर्षभराचा मामला. त्यांच्यावरच्या लेखाला 'माजी कुलगुरू गाडगीळ' असं शीर्षक दिलं तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण वाचकाला भलत्याच दारात नेऊन सोडल्यासारखं होईल. तिथे कुलगुरूपद दोन ओळीत उरका, प्रवरानगरला अख्खा परिच्छेद द्या.

आता राम ताकवले घ्या. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि तिथून पुढे दिल्लीला इग्नूचे, म्हणजे देशपातळीवरच्या मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू. २०२३ मध्ये पुण्यात गेले. हे तीनदा कुलगुरू झाले म्हणून त्यांच्यावर तीन परिच्छेद, असं नाही हो करायचं. पुण्याला ते चालत्या विद्यापीठात गेले, इमारती होत्या, विभाग होते, परंपरा होती आणि परंपरेची भांडणंही होती. नाशकात विद्यापीठच नव्याने उभं करायचं होतं. वर्गच नसलेलं विद्यापीठ, विद्यार्थी गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले, कुणी शेतात, कुणी नोकरीत, कुणाचं शिक्षण लग्नामुळे सुटलेलं, त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचवायचं, ते पुस्तकही असं की समोर शिक्षक नसताना वाचून कळलं पाहिजे, अभ्यासकेंद्रं उभी करायची, परीक्षा घ्यायच्या. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आपण बोर्डावर रोज बघतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. तर ताकवलेंच्या लेखात नाशिकची वर्षं मोठी करा आणि बाकीचं त्याच्या दोन बाजूंना उभं करा. इथे पद हाच माणसाच्या आयुष्याचा मधला खांब आहे, गाडगीळांकडे तसं नव्हतं.

तुमचे पाहुणे या दोघांपैकी कुणाच्या जवळचे आहेत, एवढंच स्वतःला विचारा.

आता माहिती. सीव्ही हा पुरावा नाही, ती सुरुवात आहे. नेमणुकीची तारीख राज्यपालांच्या कार्यालयाच्या पत्रकावरून किंवा विद्यापीठाच्या वार्षिक अहवालावरून घ्या, आणि नेमणुकीचा दिवस आणि पदभार घेतल्याचा दिवस वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवा, मुदत पदभाराच्या दिवसापासून मोजतात. पीएचडीचा विषय शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सापडतो, पण जुन्या प्रबंधांचं तिथे नक्की नसतं, मग त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत फोन करायचा. स्थानिक घडामोडींसाठी 'गावकरी' आणि 'देशदूत' या आपल्या दैनिकांच्या जुन्या अंकांइतकं उपयोगी काही नाही, सावानात म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचारा, १८४० पासूनची संस्था आहे, तिथल्या माणसांना काय कुठे मिळेल याचा अंदाज असतो. इंटरनेटवरच्या तीन वेबसाइटवर एकच तारीख असली म्हणजे ती तीनदा तपासली गेली असं नाही, दोघांनी तिसऱ्याची उचललेली असते.

नावं त्या त्या काळची लिहा. गाडगीळ 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठा'चे कुलगुरू नव्हते, ते नाव २०१४ ला आलं. जळगावचं विद्यापीठ १९९० ला निघालं तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, बहिणाबाईंचं नाव २०१८ चं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा, त्यामागे केवढं आंदोलन आहे, तिथे तर चुकायचंच नाही. पदांचंही तसंच, पूर्वी लेक्चरर, रीडर, प्रोफेसर अशी चढण होती. नव्वदच्या दशकात जो माणूस रीडर होता त्याला आज 'असोसिएट प्रोफेसर' करून टाकू नका, रीडरच लिहा, जुन्या लोकांना ते वाचून बरं वाटतं आणि ते खरंही असतं.

मुलाखतीबद्दल. कुलगुरूंचा वेळ त्यांच्या स्वीय सहायकांकडून घ्यायचा, आधी मेल, मग फोन, आणि वीस मिनिटं मागा, तासभर मागितला तर मिळतच नाही. 'आपले आदर्श कोण', 'तरुणांना काय संदेश द्याल' हे विचारायचं नाही. ही उत्तरं त्यांनी इतक्यांदा दिलेली असतात की ते बोलताना दुसरीकडे सही करू शकतात. त्यापेक्षा विचारा की पदभार घेतला त्या आठवड्यात टेबलावर पहिली अडकलेली फाइल कुठली होती? कुठला प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेत पडला? कुठल्या विद्यार्थ्याचं पत्र लक्षात राहिलंय? शिकवणं सुटलं त्याचं काय वाटतं? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण थांबतात, आणि मग जे बोलतात ते लिहून घ्या, रेकॉर्ड करत असाल तर आधी विचारून करा.

आणि नुसते त्यांच्याशीच बोलू नका. निवृत्त कुलसचिव, परीक्षा विभागातला एखादा जुना क्लार्क, ड्रायव्हर. ड्रायव्हरला तर नक्की भेटा, मराठवाड्यातल्या अभ्यासकेंद्रावरून रात्री परत येताना साहेब मागच्या सीटवर काय करायचे ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? पण त्याने विश्वासाने सांगितलेलं सगळं छापायचं नसतं, त्याची नोकरी आहे.

आता खुर्चीतली ५ वर्षं कशी लिहायची. इथे लोक दोन टोकं गाठतात, एक म्हणजे विद्यापीठात त्या काळात जे जे झालं ते सगळं कुलगुरूंनी केलं, झाडं लावण्यापासून नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या ग्रेडपर्यंत, आणि दुसरं म्हणजे सरळ फोटोखाली 'अनेक नवे उपक्रम राबविले'. दोन्ही नकोत. कुलगुरू व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद या दोन्हींचे अध्यक्ष असतात हे खरं, तातडीच्या वेळी स्वतःच्या अधिकारात निर्णय घेऊन नंतर तो संबंधित मंडळापुढे ठेवू शकतात हेही खरं, पण पैसा सरकारकडून यायचा, जागा भरायला सरकारची मंजुरी लागायची, आणि अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये प्रश्न विचारायला वीस जण टपलेले असायचे. त्या सगळ्यातून त्या माणसाने काय रेटून नेलं ते शोधा. एकच सापडलं तरी चालेल. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, मूळच्या बालशल्यचिकित्सक, त्यांच्या काळात विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव आलं. बघा, या एका ओळीत बाई कळतात. डॉक्टर म्हणून लहान मुलांच्या आया आयुष्यभर बघितलेली बाई विद्यापीठात आल्यावर कागदावर काय बदलते, हे तुम्हाला वेगळं विशेषण लावून सांगावं लागत नाही. असा धागा, आधीच्या आयुष्यातून खुर्चीपर्यंत आलेला, तो मिळेपर्यंत लिहायला बसू नका.

आरोग्य विद्यापीठाचे पाहुणे असतील तर हा धागा बहुतेक वेळा हॉस्पिटलमधून येतो. तिथली चढण वेगळी, वॉर्ड, विभागप्रमुख, अधिष्ठाता म्हणजे डीन. कधी आणखीच वेगळी, २०२१ मध्ये म्हसरूळला कुलगुरू म्हणून आलेल्या माधुरी कानिटकर या लष्करातून आलेल्या, लेफ्टनंट जनरल, तिन्ही सैन्यदलांत मिळून तीन-तारांकित दर्जापर्यंत पोचलेल्या तिसऱ्या महिला, आणि डॉक्टर म्हणून मुलांच्या किडनीच्या आजारांच्या तज्ज्ञ. अशा वेळी नावाआधी काय लावायचं हा प्रश्न येतो. लष्करी हुद्दा आधी, मग डॉ., मग नाव, आणि निवृत्त असतील तर ते लिहायचं, आणि तरीही शंका असेल तर त्यांच्या ऑफिसला विचारायचं, यात कमीपणा नाही. आणि एक, या विद्यापीठाचे कुलगुरू बसतात म्हसरूळला पण त्यांच्याकडे राज्यभरातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं असतात, त्यामुळे लेखात फक्त नाशिकचे कार्यक्रम भरू नका, ते आपल्याला जवळचे वाटतात म्हणून.

वाईट गोष्टींचं काय? सत्काराच्या लेखात टीका करायची नसते हे मान्य, पण गाळायचंही किती? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्याच वर्षी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. असं काही तुमच्या माणसाच्या काळात झालं असेल आणि तुम्ही लेखात त्याचा उल्लेखच केला नाही तर वाचणाऱ्याचा बाकीच्या कौतुकावरचाही विश्वास जातो, कारण ज्याचा निकाल लांबला होता तोच समोर बसून वाचत असतो. काय झालं, कधी झालं, पुढे काय झालं, तीन वाक्यं, विशेषण नाही. कोर्टात चालू असलेलं प्रकरण असेल तर 'आरोप' हा शब्द वापरा आणि निकाल लागल्यासारखं काही लिहू नका.

भाषा तर विचारूच नका. 'ऋषितुल्य', 'व्यासंगी', 'शिक्षणमहर्षी', 'अष्टपैलू', हे चार शब्द काढून टाकले की लेख अर्धा होतो, आणि जो उरतो तो तुमचा. लहानपणची गरिबी खरी असेल तर लिहा, पण कंदिलाखाली अभ्यास सगळ्यांनीच केलेला असतो, त्या पिढीत गावाकडे वीजच नव्हती. त्यापेक्षा गाव कुठलं, शाळा किती लांब, फी कुणी भरली. शोधनिबंधांचे आकडे देऊ नका, विषय सांगा, तोही असा की घरी आईला कळेल. परदेशदौऱ्यांची यादी गेली तरी कुणी रडत नाही.

स्टेजवरच्या परिचयाचं वेगळं. अडीचशे-तीनशे शब्द, त्याहून जास्त नाही, तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, पाहुणे स्वतः अवघडून बसलेले असतात आणि मागे चहा निवत असतो. तिथे जन्मगाव, कामाचा विषय, एक निर्णय, आजचं पद, बस. पद शेवटी ठेवा म्हणजे टाळ्या बरोबर जागेवर येतात. मानपत्र असेल तर मात्र जरा जड भाषा चालते, ती फ्रेममध्ये लागते, वाचत कुणी नाही.

लिहून झालं की प्रूफ कुलगुरूंच्या ऑफिसला पाठवा पण स्पष्ट सांगा की तारखा, नावं, पदं एवढंच तपासून द्या. नाहीतर परत येताना त्यात दोन पुरस्कार आणि 'दूरदृष्टीचे' वाढलेलं असतं. वाढलंच असेल तर पुरस्कार ठेवा, 'दूरदृष्टीचे' गुपचूप काढा, मी अजून कुणी तक्रार केलेली ऐकली नाही. फोटोही तिथूनच मागवा, चांगल्या रिझोल्यूशनचा, व्हॉट्सॲपवर आलेला छपाईत फाटतो, शक्यतो पदवीप्रदानाच्या झग्यातला नको, कामाच्या टेबलावरचा मागा.

आणि प्रेसला फाइल पाठवायच्या दिवशी सकाळी एकदा पद परत तपासा. स्मरणिका उशिरा निघतात, महिना म्हणता म्हणता चार होतात, तेवढ्यात मुदत संपते, दुसरीकडे प्रभार जातो, कुणी आयोगावर जातं. शीर्षकात, फोटोखाली, अनुक्रमणिकेत आणि शेवटच्या लेखक-परिचयात, चारही ठिकाणी 'माजी' लावायचं की नाही ते बघा, अनुक्रमणिकेत हमखास राहून जातं.